सायकलवर दोन तलाव : आखणी पाण्यापासून सुरू करा

आपल्या वस्तीत प्रवास म्हटला की दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महू, बुद्धगया. बस ठरते, महिला मंडळ वर्गणी काढते, भाकरी बांधून घेतल्या जातात आणि आपण जातो. हे प्रवास आपण केलेच पाहिजेत आणि पुढेही करू. पण नुसते बघायला जावे, अंग हलवावे, दोन रात्री उघड्या आभाळाखाली काढाव्यात, हे आपल्याकडे अजून 'मोठ्या लोकांचे चोचले' समजले जाते. नागपूर-पुण्याचे हौशी लोक पन्नास हजारांची सायकल घेऊन निघाले की त्यांचे फोटो छापून येतात. आपल्या घरात सायकल आधीच आहे. कामावर जाणाऱ्या भावाची आहे, मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलीला मिळालेली आहे. ती कामाची वस्तू आहे, एवढाच काय तो फरक.

गेल्या काही महिन्यांत दोन-तीन वस्त्यांमधल्या तरुण-तरुणींनी एकच गोष्ट विचारली : हिवाळ्यात सायकलने कुठेतरी तलावाकाठी जायचे आहे, तंबूत राहायचे आहे, काय काय लागेल? त्यांची यादी तयार होती. तंबू, टॉर्च, पॉवर बँक, स्पीकर. पाण्याचा उल्लेख कुठेच नव्हता आणि कोणाचे सिकलचे कार्ड आहे हेही कुणी लिहिले नव्हते. म्हणून या वेळचे आरोग्याचे पान या आखणीसाठी.

उदाहरणाला पूर्व विदर्भच घेऊ, कारण मोठे तलाव बघायचे तर आपल्याला लांब जायची गरज नाही. भंडारा-गोंदिया हा तलावांचाच मुलूख. गावोगावचे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे 'मामा तलाव' म्हणतात, ते धानाच्या शेतीसाठी बांधले गेले आणि तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कसब मोठे. त्यातला सर्वांत देखणा नवेगावबांध. भोवती 'सात बहिणी' म्हणून ओळखले जाणारे डोंगर, हिवाळ्यात परदेशी बदके आणि दुसऱ्या काठापर्यंत नजर पोचत नाही एवढे पाणी. तिथून दक्षिणेला अर्जुनी मोरगावकडे आणि पुढे पूर्वेला गेले की गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण. हे अलीकडचे, आणि पसरलेले असे की धुक्याच्या सकाळी समुद्रच वाटावा. इटियाडोहजवळ गोठणगावला तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग नावाची वसाहत आहे, १९७२ सालची. तिथे बौद्ध मठ आहे. त्यांची वंदना वेगळी, आपली वेगळी, पण बुद्धमूर्तीसमोर बसायला कोणी अडवत नाही. हिवाळ्यात तिथली अनेक कुटुंबे शहरांत स्वेटर विकायला गेलेली असतात, त्यामुळे बरीच घरे बंद दिसतील. नागपूरच्या स्वेटर बाजारात ज्यांच्याशी आपण घासाघीस करतो त्यांतल्या काहींचे घर इथे आहे, हे मुलांना जरूर सांगा.

मार्ग असा धरा. साकोलीपर्यंत माणसे एसटीने, सायकली 'छोटा हत्ती'त. दहा-बारा सायकली एका गाडीत सहज मावतात, मध्ये पोती किंवा जुन्या चादरी घाला म्हणजे गिअर आणि मडगार्ड वाकत नाहीत. पहिल्या दिवशी साकोलीहून कोहमारामार्गे नवेगावबांध, साधारण ४५ किलोमीटर. साकोली ते कोहमारा हा राष्ट्रीय महामार्ग आहे, ट्रक भरधाव जातात. तो टप्पा सकाळी लवकर, एकामागे एक रांगेत, गप्पा न मारता काढायचा. सगळ्यात लहान वयाची मुले असतील तर गाडी सरळ कोहमाऱ्यापर्यंत न्या आणि तिथून सायकल सुरू करा, त्यात कमीपणा काही नाही. दुसऱ्या दिवशी नवेगावबांध ते अर्जुनी मोरगाव आणि पुढे गोठणगाव-इटियाडोह, तीसेक किलोमीटर. तिसऱ्या दिवशी अर्जुनीपर्यंत परत, तिथे गाडी बोलावून ठेवलेली असावी. ही गाडी तिन्ही दिवस सोबत राहिली तर उत्तम. खर्च वाढतो हे खरे, पण का हवी ते पुढे येईलच.

आता पाणी.

१९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांसह वेरूळची लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. धुळीने माखलेली मंडळी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर थांबली, हात-पाय-तोंड धुतले आणि लगेच गर्दी जमली. यांनी पाणी बाटवले म्हणून शिव्या सुरू झाल्या. शेवटी किल्ला बघायला मिळाला तो या अटीवर की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही, आणि त्यावर नजर ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवला आहे. सहलीला निघालेल्या माणसांची ती हकीकत आहे, हे आपण विसरतो.

आज रस्त्यावरच्या हापशीवर कोणी शिपाई उभा नसतो. पण संध्याकाळी एखाद्याच्या शेतात तंबू ठोकायला परवानगी मागितली की गावाचे नाव, मग आडनाव विचारले जाते आणि मग 'आज जागा नाही' असे होते. हे अजून घडते आणि ते अंधार पडल्यावर, थकलेल्या मुलींना घेऊन कळावे असे मला वाटत नाही. म्हणून पाणी आणि मुक्काम हे दोन्ही निघण्याआधी फोनवर पक्के करा. या भागातल्या अनेक गावांत आपले विहार आहे, विहार समिती आहे. त्यांना आधी कळवले तर अंगण, नळ आणि संडास तिन्ही मिळते. विहाराच्या अंगणात तंबू लावणे हेही तंबूत राहणेच आहे. निघताना विहार झाडून द्या, दानपेटीत यथाशक्ती टाका.

नवेगावचा तलाव राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि सगळे जंगल नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात येते. त्यामुळे तलावाभोवती वाटेल त्या रानवाटेने सायकल फिरवता येत नाही आणि काठावर मनाला येईल तिथे तंबूही ठोकता येत नाही. तिथे वाघ, बिबट, अस्वल खरोखर आहेत. पर्यटन संकुलाच्या बाजूने, वन विभाग सांगेल तिथपर्यंतच जायचे. चूल पेटवायची तर विचारून. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा काळ सुरू होतो, तेव्हा जंगलाजवळ काडीही ओढू नये. त्यामुळे डिसेंबर आणि जानेवारी हेच महिने धरा. ६ डिसेंबर आणि १ जानेवारी आपण रिकामे नसतोच, तेव्हा २६ जानेवारीला जोडून येणारी सुट्टी बघावी.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. सायकल चालवताना हिवाळ्यातही एका माणसाला तासाला अर्धा लिटर लागते, ऊन चढले की त्याहून जास्त. दिवसभराचे पिण्याचे मिळून चार-पाच लिटर. दहा जण असतील तर रोज पन्नास लिटरच्या आसपास, स्वयंपाकाचे वेगळे. हे सायकलवर वाहून नेता येत नाही. प्रत्येकाने दोन लिटर सोबत ठेवायचे आणि दर १२-१५ किलोमीटरवर भरायची जागा आधीच कागदावर लिहायची : अमुक गावची ग्रामपंचायत, तमुक विहार, शाळा, आरोग्य उपकेंद्र. सोबत गाडी असेल तर वीस लिटरच्या दोन-तीन कॅन तिच्यात. मुली वाटेत संडास मिळणार नाही म्हणून पाणी पीत नाहीत, हे मला इतक्या वर्षांत प्रत्येक शिबिरात दिसले आहे. मग डोके दुखते, लघवीला जळजळ होते. त्यामुळे पाण्याच्या जागांशेजारीच संडासाच्या जागाही लिहा आणि ते काम मुलींकडे द्या, मुलांना ते सुचत नाही.

लघवीचा रंग बघायला शिकवा. फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद पिवळा झाला तर पाणी कमी पडते आहे. चहाच्या डिकॉक्शनसारखा किंवा कोलासारखा तांबूस-काळपट झाला तर सायकल तिथेच थांबवायची, त्याबद्दल खाली सांगते.

तलावाचे पाणी प्यायचे नाही. ते कितीही नितळ दिसो. हापशी किंवा नळाचे पाणीही शंका असेल तर खळखळ उकळी येऊन एक मिनिट उकळू द्या, किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबा. गोळ्या किंवा क्लोरीनची बाटली आशाताईंकडे, उपकेंद्रात मिळते. तलावावर हिरवा तवंग असेल तर ते पाणी उकळूनही वापरू नका, भांडीसुद्धा धुऊ नका, कारण त्या शेवाळाचे विष उकळल्याने जात नाही. ओआरएसची पाकिटे घ्या, पण पाकीट वाचून घ्या. काही एका लिटरची असतात, काही एका ग्लासाची, आणि लहान पाकीट लिटरभर पाण्यात टाकले तर उपयोग नाही, मोठे पाकीट ग्लासात टाकले तर अपाय होतो. पाकीट संपले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. केलेले पाणी चोवीस तासांत संपवा.

सिकलचे कार्ड आधी दाखवा

या लेखात सगळ्यांत महत्त्वाचे हेच आहे, म्हणून जरा सावकाश.

विदर्भातल्या बौद्ध कुटुंबांत आणि गोंड, परधान, हलबा अशा आदिवासी समाजांत सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. हा कुणाच्या पापाचा भोग नाही आणि जात बघून येणारा आजारही नाही. ज्या भागात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा गुण टिकला, कारण आई किंवा वडील एकाकडूनच तो मिळालेल्या माणसाला गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळत असे. मग लग्ने त्याच त्या समाजात होत राहिली आणि तो तिथेच साठत गेला. जात टिकते ती आपसातल्या लग्नांमुळे, हे बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधातच मांडले होते. रक्ताच्या बाबतीतही तेच झाले, असे मी शिबिरांत सांगते.

दोन्ही बाजूंनी गुण आला तर माणूस रुग्ण असतो, त्याला एसएस म्हणतात. एकाच बाजूने आला तर वाहक, म्हणजे एएस. रुग्णाच्या लाल रक्तपेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, एकमेकींत अडकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि हाडांत, पोटात, छातीत असह्य वेदना सुरू होतात. हे कशाने घडते? अंगातले पाणी कमी झाल्याने, थंडीने, अति श्रमाने, तापाने, जागरणाने, दारूने. आता ही यादी पुन्हा वाचा. हिवाळ्यात सायकल मारून तलावाकाठी तंबूत राहणे म्हणजे यातल्या चार गोष्टी एका दिवसात. त्यात पहाटे थंडगार तलावात डुबकी मारली की पाचवी. एवढ्याने दवाखान्यात भरती व्हायची वेळ येते.

म्हणून एसएस असलेल्या मुलामुलींनी सायकलने हा पल्ला गाठू नये. पण त्यांना घरीही ठेवू नका. सोबतची गाडी हवी असे मी म्हणते ते यासाठी. डॉक्टरांना विचारून, त्यांची तब्येत ठीक असेल तर त्यांना गाडीत बसवा. पाण्याचा आणि जेवणाचा हिशेब त्यांच्याकडे द्या, विहार समितीशी बोलणे त्यांच्याकडे द्या. सपाट रस्त्यावर, उन्हाआधी, चार-पाच किलोमीटर हळू चालवायला डॉक्टरांची हरकत नसेल तर तेही चालेल. हायड्रॉक्सियुरिया, फॉलिक ॲसिड एक दिवसही चुकू नये, औषधे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत म्हणजे एक हरवली तरी अडत नाही. कानटोपी, मोजे, जाड पांघरूण त्यांना सर्वांत आधी. अंघोळ कोमट पाण्यानेच. आणि ताप १०१ च्या वर गेला, छातीत दुखले, धाप लागली, डोळे-चेहरा एकदम पांढरा पडला किंवा एक हात-पाय लुळा वाटला तर सकाळपर्यंत थांबायचे नाही. रात्रीच रुग्णालय.

वाहकाचे, म्हणजे एएसचे, तसे नाही. तो निरोगी माणूस असतो, सायकल चालवू शकतो, चालवावी. फक्त उन्हात, पाणी न पिता, सराव नसताना, पैजेवर जोर लावून चालवली तर त्याच्या स्नायूंना इतरांपेक्षा जास्त धोका असतो. पायात गोळा येणे वेगळे. इथे मांड्या-पिंढऱ्या एकदम बळ गेल्यासारख्या होतात, दुखतात, माणूस खाली बसतो, नंतर लघवी कोलासारखी होते. अशा वेळी 'थोडे राहिले, चल' असे म्हणून ढकलायचे नाही. सावलीत झोपवा, शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्या, अंग गरम असेल तर ओल्या कपड्याने पुसा आणि १०८ बोलवा. लघवीतून रक्त जाणे हेही वाहकांत दिसते. घाबरू नका, पण दाखवा.

अडचण अशी की कार्ड लपवले जाते. मुलीचे लग्न मोडेल म्हणून आई कार्ड धान्याच्या कोठीत ठेवते, पोरगा मित्रांत हसू होईल म्हणून सांगत नाही. गटप्रमुखाने सगळ्यांसमोर विचारू नये. प्रत्येकाकडून एका बंद लिफाफ्यात रक्तगट, सिकलची स्थिती, चालू औषधे, घरचा फोन लिहून घ्यावा आणि तो लिफाफा सोबतच्या ताईकडे किंवा जाणत्या माणसाकडे राहावा. ज्यांनी तपासणीच केलेली नाही त्यांनी निघण्याआधी ती करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी रक्ताची चाचणी होते, ती होकारार्थी आली तर पुढची चाचणी करून एएस की एसएस ते ठरते. शासकीय दवाखान्यात पैसे लागत नाहीत. २०२३ पासून देशभर सिकलसेलची मोहीम सुरू आहे, वस्तीत शिबिर लागले तर सहलीचे निमित्त करून सगळ्या घराचीच तपासणी उरकून घ्या.

सायकल आणि अंग

महागडी सायकल लागत नाही. जुनी बावीस इंची चालेल, पण ब्रेकचे रबर नवे हवे, चेन तेल दिलेली हवी, टायर टणक हवेत. सीटची उंची बहुतेकांची चुकलेली असते. पेडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट खाली असेल तर गुडघे दुखतात, आणि ते दुखणे परतल्यावर महिनाभर पुरते. मानव विकासची सायकल थोरल्या बहिणीनंतर धाकटीकडे येते तेव्हा सीट तशीच राहते, ती उतरवून घ्या.

महिनाभर आधी सराव सुरू करा. पहिल्या आठवड्यात दहा किलोमीटर, दर आठवड्याला थोडे वाढवत तीस. निघायच्या आधीच्या आठवड्यात नव्हे, तर दोन आठवडे आधी एकदा चाळीसचा पल्ला करून बघा. जो सर्वांत हळू, तो रांगेत सर्वांत पुढे. त्याच्या वेगाने सगळे. तासाला दहा-बारा किलोमीटर पुरे, दर तासाला दहा मिनिटे उतरायचे, हात झटकायचे, कारण हँडल घट्ट धरून बोटांना मुंग्या येतात.

मांड्यांच्या आत कातडी सोलवटते ती घामाने आणि जाड शिवणीने. जीन्स नको. सुती, सैल न पडणारी विजार घाला, निघण्याआधी खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा, मुक्कामी पोचल्यावर धुऊन कोरडे करा. ओढणी कमरेला बांधा, सलवारीच्या उजव्या पायाला रबर लावा, म्हणजे चेनमध्ये जात नाही. पाळी त्या तीन दिवसांत येणार असेल तर जायचे नाही असे काही नाही. पॅड दर चार-सहा तासांनी बदलायला हवे, जुने कागदात गुंडाळून पिशवीत ठेवून परत आणायचे, तलावात किंवा रानात टाकायचे नाही.

खाणे घरचेच. सकाळी पोहे किंवा भाकरी-चटणी, वाटेत फुटाणे, शेंगदाणे, गूळ, केळी. रात्री खिचडी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या मोठ्या माणसांनी खिशात साखर ठेवावी आणि डोस कमी करायचा की नाही हे आधीच डॉक्टरांना विचारावे. सायकलने साखर उतरते. हात कापू लागले, घाम फुटला, बोलणे असंबद्ध झाले तर आधी साखर, मग बाकीचे.

रात्र

गोंदिया भागात जानेवारीची रात्र दहा अंशांच्या खाली जाऊ शकते. खालून येणारी थंडी वरच्यापेक्षा वाईट. आधी ताडपत्री, त्यावर तणस मिळाली तर तणस, त्यावर पुन्हा जाड चादर, मग अंथरूण. तणशीवर थेट झोपू नका. गवताझुडपांतल्या बारीक किड्यांच्या चावण्याने स्क्रब टायफस होतो. २०१८ साली नागपूर भागात त्याचे रुग्ण खूप वाढले होते. त्यात अंगावर सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसते, बहुधा काखेत, जांघेत, जिथे आपण बघत नाही.

साप हिवाळ्यात कमी फिरतात, पण मण्यार लक्षात ठेवा. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचे कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या उचलत नाहीत, गिळता येत नाही. म्हणून तंबूची चेन पूर्ण बंद, तंबू नसेल तर मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली. तीच मच्छरदाणी डासांपासूनही वाचवते, आणि या पट्ट्यात मलेरिया अजून आहे. चावले तर कापायचे नाही, करकचून बांधायचे नाही, मांत्रिकाकडे जायचे नाही. हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून स्थिर ठेवा, चालू देऊ नका, अंगठी-बांगड्या काढा आणि सरळ सरकारी रुग्णालय. अर्जुनी मोरगावला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथला आणि वाटेतल्या आरोग्य केंद्रांचा फोन नंबर निघण्याआधी मिळवून सर्पदंशाची लस आहे का हे विचारून ठेवा. फोनला रेंज नसते त्या जागाही वहीत लिहून ठेवा.

पाण्यात उतरणे

मोठ्या तलावात आणि धरणाच्या पाण्यात पोहायचे नाही, असेच मी सांगते. यावर तरुण नाराज होतात. पण विहिरीत पोहणारा मुलगाही इथे फसतो, कारण काठ दोन पावलांत खोल होतो, तळाला गाळ आणि बुडालेली झुडपे असतात, थंड पाण्यात दम तुटतो. नुसते पाय भिजवायचे असतील तर आधी तिथल्या ढिवर बांधवांना विचारा. कुठे खोल, कुठे गाळ, हे जाळे टाकणाऱ्यांना जेवढे ठाऊक तेवढे कोणालाच नाही. पायाला जखम असेल तर गढूळ पाण्यात जाऊ नका, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

कोणी बुडताना दिसला तर उडी मारायची नाही. एक वाचवायला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे एकाच घरचे तीन जण जातात. सायकलची हवा भरलेली जादा ट्यूब किंवा झाकण घट्ट लावलेली रिकामी कॅन दोरीला बांधून फेका, ओढणी फेका, लांब काठी द्या. म्हणून काठावर थांबाल तेव्हा ट्यूब आणि वीस फूट दोरी हाताशी ठेवा, गाडीत नव्हे. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका. तोंडातला कचरा काढा, तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर तीस दाब आणि दोन श्वास, मदत येईपर्यंत. हे वाचून येत नाही. निघण्याआधी जवळच्या दवाखान्यातल्या सिस्टर किंवा डॉक्टरांना विहारात बोलावून तासभर शिकून घ्या. कोणीही नाही म्हणत नाही, आणि त्या तासाला आपल्या वस्तीतले आई-वडीलही बसले तर परवानगीचा प्रश्न तिथेच सुटतो.

परतल्यावर औषधांची पेटी लगेच कपाटात टाकू नका. पुढचा महिनाभर गटातल्या कोणालाही ताप आला तर 'थकव्याचा असेल' म्हणून मेडिकलमधून गोळी घेऊन झोपू नये. डॉक्टरांना सांगा की आम्ही अमुक तारखेला नवेगाव-इटियाडोहला तंबूत राहिलो होतो. मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या आणि अंगावर काळी खपली आहे का ते बघायला लावा. सोबतच्या ताईकडे असलेले लिफाफे ज्याचे त्याला परत द्या, न उघडता.